एक नोंद, दोन घरे : काशीच्या हुंडीपासून आभासी टेपपर्यंत

महाराष्ट्रातून काशीयात्रेस निघणाऱ्या गृहस्थापुढे पूर्वी दोन चिंता असत. एक वाटेची आणि दुसरी पैशाची. कित्येक आठवड्यांच्या प्रवासात रोकड जवळ बाळगणे म्हणजे संकटाला आपण होऊन निमंत्रण देणे. यावर व्यापारी समाजाने शोधलेला तोडगा म्हणजे हुंडी. आपल्या गावच्या सावकाराच्या पेढीवर रक्कम भरावी, हुंडी लिहून घ्यावी आणि काशीस पोहोचल्यावर तेथील पेढीवर ती दाखवून रुपये मोजून घ्यावेत, अशी ही सुटसुटीत पद्धत होती. काशी हे जसे तीर्थक्षेत्र, तसेच ते उत्तर हिंदुस्थानातील सावकारीचेही मोठे केंद्र होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील गोपालदास-मनोहरदास यांच्या पेढीचा लौकिक दूरवर पसरलेला होता. ईस्ट इंडिया कंपनीलादेखील बंगालमधील पैसा मुंबईकडे पोहोचविण्यासाठी काशीच्या सावकारांच्या हुंड्यांचा आधार घ्यावा लागत असे.

परंतु हुंडी हा शेवटी कागदच. तो पाण्यात भिजे, चोरीस जाई, वाटेत गहाळ होई. मग त्या यात्रेकरूचे पैसे बुडाले काय? मुळीच नाही. मूळ हुंडी हरवल्यास सावकार तिची दुसरी प्रत देई. तिला ‘पैठ’ म्हणत. पैठही हरवल्यास तिसरी प्रत, म्हणजे ‘परपैठ’ मिळे. एकाच रकमेसाठी अशी दोन-तीन पत्रे अस्तित्वात असली, तरी पैसे मात्र एकदाच दिले जात. एका पत्रावर रक्कम चुकती झाली की उरलेली पत्रे आपोआप निष्प्रभ होत आणि चुकती झालेली हुंडी ‘खोखा’ म्हणून दप्तरी जमा होई.

या जुन्या व्यवस्थेत दोन तत्त्वे दडलेली आहेत. पहिले असे की, महत्त्वाच्या नोंदीची एकच प्रत कधीही पुरेशी नसते. दुसरे असे की, प्रती अनेक असल्या तरी त्यांपैकी खरी आणि अखेरची कोणती, याचा निर्णय निःसंदिग्ध असला पाहिजे. आजच्या बँकांच्या संगणक केंद्रांत नेमकी हीच दोन तत्त्वे वेगळ्या रूपात राबविली जातात. मेनफ्रेम संगणकांच्या जगात ‘आभासी टेप’ व तिची ‘पीअर-टू-पीअर’ जोडणी या नावाने विकसित झालेले तंत्र हे त्याचे एक उत्तम उदाहरण आहे. ग्राहकांना या तंत्राचे दर्शन सहसा घडत नाही. पण त्यांच्या ठेवींच्या सुरक्षिततेशी त्याचा फार निकटचा संबंध आहे. म्हणूनच त्याची तोंडओळख येथे करून देण्याचा प्रयत्न आहे.

पैसा म्हणजे नोंद

समजा, सोलापूरच्या शाखेत ज्यांचे निवृत्तिवेतन जमा होते असे एक वृद्ध गृहस्थ पत्नीच्या अस्थिविसर्जनासाठी वाराणसीस आले आहेत. गोदौलिया चौकातील एटीएममधून त्यांना वीस हजार रुपये काढावयाचे आहेत. त्यांचे खाते वाराणसीच्या शाखेत नाही. पण खरे पाहता ते आता सोलापूरच्या शाखेतही नाही. कोअर बँकिंग प्रणाली आल्यापासून साऱ्या शाखांतील खात्यांची नोंद एका मध्यवर्ती संगणक केंद्रात ठेवली जाते. एटीएम त्या केंद्राला विचारते, केंद्र नोंद पाहते आणि होकार देते. मगच नोटा बाहेर येतात.

याचा अर्थ असा की, त्या गृहस्थांचा पैसा म्हणजे व्यवहारात ती नोंदच होय. तिजोरीतील नोटांवर कोणाचेही नाव लिहिलेले नसते. कोणत्या रकमेवर कोणाचा हक्क आहे, हे फक्त नोंद सांगते. ती नोंद नष्ट झाली तर नोटा जागच्या जागी असूनही त्या परक्या गावी त्या वृद्ध माणसाच्या हाती काही पडणार नाही. म्हणून नोंदीचे रक्षण हे बँकेचे तिजोरीच्या रक्षणाइतकेच, किंबहुना त्याहूनही मोठे कर्तव्य ठरते.

भारतीय बँकांच्या संगणकीकरणाचा पाया डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी १९८० च्या दशकात घातला. पुढे २००० नंतरच्या दशकात कोअर बँकिंगचा प्रसार झाला. आपल्याकडील बहुतेक बँकांच्या या प्रणाली युनिक्स धर्तीच्या संगणकांवर उभ्या राहिल्या. जगातील अनेक मोठ्या बँका, विमा कंपन्या व शासकीय खाती मात्र मेनफ्रेम या महाकाय संगणकांवर दीर्घकाळ विसंबून राहिली आणि आजही आहेत. नोंदी जपण्याची अनेक तंत्रे प्रथम तेथेच पक्व झाली व नंतर सर्वत्र पसरली.

टेप : जुनी पण टिकाऊ

संगणकाच्या नोंदी साठविण्याचे एक जुने साधन म्हणजे चुंबकीय टेप. गाण्यांच्या कॅसेटमध्ये असे तशीच ही फीत. फरक इतकाच की तिच्यावर आवाजाऐवजी आकडे व अक्षरे उमटविलेली असतात. आयबीएम कंपनीने १९५२ मध्ये आपले पहिले टेप यंत्र जाहीर केले. त्याच्या फितीवर दर इंचाला १०० अक्षरे मावत. १९८४ मध्ये त्याच कंपनीने मोठ्या चकत्यांच्या जागी हाताच्या तळव्याएवढी चौकोनी कार्ट्रिज आणली. तिच्यात २०० मेगाबाइट माहिती मावे.

डिस्क आली, ती स्वस्त व वेगवान झाली, तरी टेप हद्दपार झाली नाही. त्याची कारणे साधी आहेत. टेप तुलनेने स्वस्त पडते. वापरात नसताना तिला वीज लागत नाही. ती यंत्रातून काढून दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवता येते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर साऱ्या नोंदींची प्रत टेपवर घेणे व ती अन्यत्र सुरक्षित ठेवणे हा संगणक केंद्रांचा नित्यक्रम होऊन बसला. शाखेत दिवसअखेर रोकड मोजून तिजोरीला दोन किल्ल्या लावतात, तसाच हा प्रघात.

मोठे पिंप, ओंजळभर पाणी

पुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली. कार्ट्रिजची क्षमता झपाट्याने वाढत गेली. १९९५ मध्ये आलेल्या कार्ट्रिजमध्ये १० गिगाबाइट, म्हणजे १९८४ च्या कार्ट्रिजच्या ५० पट माहिती मावू लागली. परंतु संगणकावर चालणारी कामे पूर्वीचीच होती. एखादे काम रात्री १०० मेगाबाइटची नोंद लिही आणि आपली टेप बंद करी. पुढचे काम नवी टेप मागे. त्यामुळे १० गिगाबाइटच्या कार्ट्रिजचा जेमतेम एक टक्का वापरला जाई आणि उरलेली ९९ टक्के जागा रिकामी राही. महागड्या कार्ट्रिजांनी कपाटे भरत, पण कार्ट्रिज मात्र रिकाम्याच.

शिवाय प्रत्येक टेप कपाटातून काढून यंत्रात बसविण्यास वेळ लागे. पूर्वी हे काम माणसे करीत. नंतर यंत्रमानवी हात आले. तरीही टेप बसविणे, ती योग्य जागी फिरविणे व परत गुंडाळणे यात वेळ जाई आणि तेवढा वेळ संगणकावरील काम ताटकळत राही. टेप यंत्रांची संख्याही मर्यादित असे. महिनाअखेर वा वर्षअखेर कामांची गर्दी झाली की यंत्रांसाठी रांग लागे.

आभासी टेप म्हणजे काय?

यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘व्हर्च्युअल टेप’ अर्थात आभासी टेप ही कल्पना साकार झाली. आयबीएमचा व्हर्च्युअल टेप सर्व्हर आणि स्टोरेजटेक कंपनीची तशीच प्रणाली ही तिची आरंभीची रूपे होत.

तिची रचना अशी. मेनफ्रेम व टेप यांच्या मध्ये एक सर्व्हर बसवितात. त्याच्यापाशी वेगवान डिस्कचा मोठा साठा असतो. मेनफ्रेमला हा सर्व्हर असे भासवितो की, आपण म्हणजे डझनावारी टेप यंत्रे आहोत. मेनफ्रेम नेहमीप्रमाणे टेप मागते. सर्व्हर क्षणार्धात ‘टेप बसविली’ असे उत्तर देतो. प्रत्यक्षात कोणतीही टेप हललेली नसते. मेनफ्रेम जे लिहिते ते डिस्कवर साठते. या काल्पनिक टेपला ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ म्हणतात आणि खऱ्या टेपप्रमाणे तिलाही सहा अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असतो. मेनफ्रेमवरील वर्षानुवर्षांचे कार्यक्रम न बदलता जसेच्या तसे चालू राहतात. या पद्धतीचा हा फार मोठा लाभ होय.

नंतर सर्व्हर आपल्या सवडीने अशा अनेक आभासी टेप एकाच खऱ्या कार्ट्रिजवर एकापुढे एक लिहून ठेवतो. वर सांगितलेल्या १०० मेगाबाइटच्या १०० नोंदी मिळून १० गिगाबाइटची एक कार्ट्रिज भरते. जेथे १०० कार्ट्रिज लागत, तेथे एक पुरते. एखादी जुनी नोंद पुन्हा हवी असल्यास ती डिस्कवर असेल तर तात्काळ मिळते. नसेल तर सर्व्हर खऱ्या टेपवरून ती डिस्कवर आणून देतो. काही नोंदींची मुदत संपली की त्या कार्ट्रिजवर निरुपयोगी जागा पडते. अशी जागा वाढली की शिल्लक नोंदी दुसरीकडे उतरवून ती कार्ट्रिज पुन्हा कोरी केली जाते. शाखेत अर्धवट भरलेल्या वह्यांतील चालू खाती नव्या वहीत उतरवून घेत, तसाच हा प्रकार समजावा.

सारी मदार एकावर

सोय झाली, पण तिच्यासोबत एक धोकाही आला. पूर्वी एक टेप खराब झाली तर एका कामाची नोंद जाई. आता एका कार्ट्रिजवर शंभर नोंदी आणि अशा हजारो कार्ट्रिजची यादी एकाच सर्व्हरपाशी. कोणती नोंद कोठे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक. तो बंद पडला, त्या इमारतीत आग लागली वा पाणी शिरले, तर कार्ट्रिज हाती असूनही त्यांतून काही शोधणे दुरापास्त होई.

अशी संकटे काल्पनिक नाहीत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि महानगर ठप्प झाले. वाराणसीत सप्टेंबर १९७८ मध्ये गंगेची पातळी ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. तेथील धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. संगणक केंद्र कोठेही असो, निसर्ग, वीज व आग यांपासून शंभर टक्के मुक्त अशी जागा नसते.

टेप गाडीत घालून दूर पाठविणे हा जुना उपाय होता. पण वाटेत हुंडी हरवे तशी टेपही हरवते. २००५ मध्ये अमेरिकेत एका बड्या बँकसमूहाच्या सुमारे ३९ लाख ग्राहकांची माहिती असलेल्या टेप कुरिअरच्या वाहतुकीत गहाळ झाल्या होत्या. तेव्हा नोंदीची दुसरी प्रत तर हवीच, पण ती पाठविण्यासाठी माणूस वा गाडी नको, असा विचार पुढे आला.

बरोबरीच्या नात्याची जोडणी

आयबीएमने २००० साली आपल्या आभासी टेप सर्व्हरची ‘पीअर-टू-पीअर’ आवृत्ती आणली. पीअर म्हणजे बरोबरीचा, समकक्ष. गाणी व चित्रपट यांची देवाणघेवाण करणाऱ्या संगणकजाळ्यांमुळे हा शब्द त्याच सुमारास गाजला होता; पण येथे त्याचा अर्थ मर्यादित व शिस्तीचा आहे. दोन स्वतंत्र आभासी टेप सर्व्हर, शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांना जोडावयाचे. त्यांपैकी एक कायमचा कामाचा व दुसरा केवळ राखीव अशी विभागणी नाही. दोघेही काम करतात आणि दोघेही एकमेकांच्या प्रती सांभाळतात.

मेनफ्रेम व हे दोन सर्व्हर यांच्या दरम्यान काही नियंत्रक बसविलेले असतात. मेनफ्रेमला दोन सर्व्हर दिसत नाहीत. तिला एकच मोठे टेप ग्रंथालय दिसते. ती ‘अमुक क्रमांकाची टेप द्या’ एवढेच सांगते. कोणत्या सर्व्हरने ती द्यावी हे नियंत्रक ठरवितो. नवी नोंद लिहावयाची असेल तर नियंत्रक एका सर्व्हरची निवड करतो आणि लिहून झाले की तिची प्रत दुसऱ्याकडे पाठवितो. दोन्ही ठिकाणी त्या टेपचा क्रमांक एकच असतो. आभासी टेप सामायिक वापरणे ते हेच. एक सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद ठेवला तरी मेनफ्रेमचे काम दुसऱ्याकडून चालू राहते. बंद काळात राहून गेलेल्या प्रतींची यादी ठेवली जाते आणि सर्व्हर परतल्यावर ती उणीव भरून काढली जाते.

खरी प्रत कोणती?

आता हुंडीचा दुसरा प्रश्न येतो. दोन ठिकाणी दोन प्रती आहेत. एकीत काल रात्रीची नोंद आहे. दुसरीत अजून परवाचीच आहे, कारण नक्कल पोहोचावयाची आहे. अशा वेळी कोणी ती टेप मागितली तर कोणती द्यावी?

यासाठी प्रत्येक आभासी टेपबरोबर एक छोटी खूण ठेवली जाते. तंत्रज्ञ तिला ‘टोकन’ म्हणतात. ही प्रत कितव्या फेरीची आहे, दुसरीकडची प्रत तिच्याशी जुळते काय, याची माहिती तीत असते. टेप उघडण्यापूर्वी नियंत्रक दोन्हीकडच्या खुणा पडताळतो व अद्ययावत प्रतच पुढे करतो. दोन्ही सर्व्हर कामात समान असले तरी या खुणांच्या बाबतीत एकाचा शब्द प्रमाण मानला जातो. तो बंद पडल्यास ही जबाबदारी दुसऱ्याकडे सोपविता येते.

पुढे २००६ मध्ये आलेल्या टीएस-७७०० या पिढीत ही व्यवस्था बदलली. मधले नियंत्रक गेले आणि सर्व्हर नेहमीच्या संगणकजाळ्याने थेट एकमेकांना जोडले जाऊ लागले. आरंभी दोन, नंतर तीन व पुढे त्याहून अधिक केंद्रांची जोडणी शक्य झाली. या रचनेत प्रत्येक आभासी टेपचा त्या त्या वेळी एकच मालक सर्व्हर असतो. दुसऱ्या केंद्राला ती टेप हवी असेल तर तो आधी मालकाकडून ताबा मागून घेतो आणि मगच ती उघडतो. आपल्याजवळ प्रत नसेल तर जाळ्यावरून दुसऱ्या केंद्रातील प्रतच वापरतो. एका वेळी एकाच हाती ताबा, हा नियम मात्र सर्वांना बंधनकारक असतो.

तात्काळ की सवडीने?

नक्कल केव्हा करावयाची, याचे दोन मुख्य पर्याय आहेत. पहिल्यात, टेप लिहून बंद होताच तिची प्रत दुसरीकडे पाठविली जाते आणि ती पोहोचल्यावरच मेनफ्रेमला ‘काम पूर्ण झाले’ असे सांगितले जाते. दुसऱ्यात, मेनफ्रेमला लगेच मोकळे करतात आणि प्रत मागाहून, कमी गर्दीच्या वेळी पाठवितात. पहिला पर्याय अधिक सुरक्षित, दुसरा अधिक वेगवान. पुढे तिसराही पर्याय आला. त्यात नोंद लिहिली जात असतानाच दोन्हीकडे बरोबरीने उतरते.

साऱ्याच नोंदींना सर्वांत सुरक्षित पर्याय का लावीत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविकपणे मनात येईल. त्याचे उत्तर अंतरात आहे. मुंबई व वाराणसी यांच्यामधील सरळ अंतर सुमारे १,२५० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन त्याची पोच परत येण्यास किमान १२.५ मिलिसेकंद लागणार. हा काळ नगण्य वाटतो. पण नोंदीच्या प्रत्येक लहान तुकड्यासाठी पोच येईपर्यंत थांबावयाचे ठरविले तर सेकंदाला ८० तुकड्यांपेक्षा अधिक लिहिता येणार नाहीत. म्हणून लांबच्या केंद्रांत तुकड्यागणिक न थांबता ओघाने पाठवावे लागते. वाहिनीच्या क्षमतेचाही विचार आहेच. सेकंदाला १०० मेगाबाइट जाऊ शकतील अशा वाहिनीवर ८०० मेगाबाइटच्या एका आभासी टेपला ८ सेकंद लागतात. अशा १,००० टेप पाठविण्यास सव्वादोन तासांच्या आसपास वेळ जातो.

यास्तव नोंदींची प्रतवारी करतात. खात्यांतील उलाढालीच्या नोंदी पहिल्या वर्गात. सहज पुन्हा तयार करता येणारे अहवाल शेवटच्या वर्गात. केंद्र कोसळले तर किती मिनिटांच्या नोंदी गमावणे आपल्याला परवडेल आणि सेवा किती वेळात पूर्ववत झाली पाहिजे, हे दोन प्रश्न प्रत्येक बँकेला स्वतःला विचारावे लागतात. हा निर्णय केवळ संगणक विभागाचा नसतो. त्यात ग्राहकसेवेचा व विश्वासार्हतेचा विचार गुंतलेला असतो.

संपर्क तुटला की केंद्र पडले?

दोन केंद्रांच्या व्यवस्थेतील सर्वांत अवघड प्रसंग हा दोन्ही केंद्रे धडधाकट असूनही त्यांच्यामधील वाहिनी तुटण्याचा होय. प्रत्येकाला वाटते की दुसरा पडला. दोघांनीही स्वतःला मालक समजून एकाच टेपवर वेगवेगळ्या नोंदी लिहिल्या, तर एकाच क्रमांकाच्या दोन खऱ्या टेप तयार होतील. मूळ हुंडी एका पेढीवर आणि पैठ दुसऱ्या पेढीवर चुकती व्हावी, तसा हा अनर्थ.

जुलै २०१२ च्या ३० व ३१ तारखांना उत्तर भारतातील वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही अंधारात गेला आणि सुमारे ६० कोटी लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ पोहोचली. अशा वेळी दूरच्या केंद्राकडून उत्तर येत नाही, याचा अर्थ तेथील यंत्रे नष्ट झाली, की वीज गेली, की केवळ वाहिनी तुटली, हे दुसऱ्या टोकाला बसून कळत नाही. म्हणून ताबा आपोआप बदलण्यावर मर्यादा घालतात. समोरचे केंद्र खरोखरच बंद आहे याची निराळ्या मार्गाने खात्री झाल्यावरच ताबा घेतला जातो. तशी खात्री करता येत नसेल, तर जबाबदार अधिकाऱ्याच्या संमतीवाचून ताबा हलत नाही. प्रथम केवळ वाचण्यापुरता ताबा घेण्याचीही सोय असते; वाचण्याने नोंद बिघडत नाही. थोडा विलंब पत्करावा, पण एका रुपयाची दोनदा नोंद होऊ नये, हे या सावधगिरीचे सूत्र आहे.

नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे

या साऱ्या व्यवस्थेची एक मर्यादा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. दोन ठिकाणी तंतोतंत सारखी प्रत ठेवणारी यंत्रणा चुकीचीही तंतोतंत नक्कल करते. कोणी चुकून एखादी नोंद पुसली, सदोष कार्यक्रमाने हजारो खात्यांत चुकीचे व्याज लिहिले, अथवा खंडणीखोर विषाणूने नोंदी निकामी केल्या, तर ते नुकसान काही क्षणांत दुसऱ्या केंद्रातही पोहोचते. जोडणी आग व पुरापासून वाचविते. चुकीपासून व घातपातापासून वाचवीलच असे नाही.

म्हणून जोडप्रतीच्या बरोबरीने कालची, गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची अशा जुन्या प्रतीही राखाव्या लागतात आणि त्यांपैकी काही संगणकजाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवाव्या लागतात. येथे जुनी टेप पुन्हा उपयोगी पडते. यंत्राबाहेर, कुलुपबंद कपाटात ठेवलेल्या कार्ट्रिजपर्यंत कोणताही विषाणू पोहोचू शकत नाही. टेपचे तंत्रही थांबलेले नाही. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ प्रकारच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट, म्हणजे १८ हजार गिगाबाइट माहिती मावते. अशी टेप हरवल्यास तिचा गैरवापर होऊ नये म्हणून तिच्यावरील माहिती कूटबद्ध करणेही तितकेच अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे सराव. न वापरलेली प्रत ऐनवेळी वाचता येईलच असे नाही. यासाठी बँका पर्यायी केंद्रावरून प्रत्यक्ष कामकाज चालवून पाहतात. पूर्वी रात्री व सुट्टीच्या दिवशी यास पुरेशी सवड मिळे. एनईएफटी सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस सेवा १४ डिसेंबर २०२० पासून अहोरात्र सुरू झाल्यावर ती सवड फार आकसली. ‘अमुक वेळेत काही सेवा उपलब्ध राहणार नाहीत’ अशी सूचना ग्राहकांना कधी कधी मिळते. तिच्यामागे पुष्कळदा असा सराव वा देखभाल असते. त्या तासाभराच्या गैरसोयीतून पुढील मोठी आपत्ती टळण्याची शक्यता असते, हे शाखेतील कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना समजावून सांगितले तर गैरसमजास जागा उरणार नाही.

ग्राहकांच्या हाती असलेले

नोंदींची दोन घरे सांभाळण्याची जबाबदारी बँकेची. परंतु ग्राहकांनीही आपल्यापुरती एक प्रत ठेवणे हितावह असते. पासबुक वेळोवेळी भरून घ्यावे अथवा खातेउतारा जपून ठेवावा. मुदत ठेवींचे क्रमांक, रक्कम व मुदत यांची टिपण घरातील एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावी. भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यास तो शाखेत त्वरित नोंदवावा, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा संदेश वेळेवर मिळेल. खात्यावर नामनिर्देशन केले आहे की नाही हे एकदा तपासून घ्यावे. आणि संदेशात अनोळखी व्यवहार दिसल्यास विलंब न लावता बँकेस कळवावे. दोन केंद्रांतील प्रती एकमेकींशी जुळतात की नाही हे यंत्रे पाहतात. पण ती नोंद वस्तुस्थितीशी जुळते की नाही, हे खातेदाराइतके नेमके दुसऱ्या कोणालाही सांगता येत नाही.

काशीच्या सावकाराने पैठ लिहून दिली ती स्वतःच्या नावाच्या भरवशावर. त्याच्याकडे वेगवान यंत्रे नव्हती. पण हरवलेल्या कागदामुळे यात्रेकरू उपाशी राहू नये आणि एका हुंडीचे पैसे दोनदा जाऊ नयेत, एवढी दक्षता त्याच्या व्यवहारात होती. आजच्या बँकेकडूनही ग्राहकाची अपेक्षा याहून निराळी नाही.